बाबांच्या नावाचा रूनदगड: एप्रिल ते नोव्हेंबरच्या नोंदी

13 एप्रिल 2024

चार वर्षं रांगेत थांबल्यावर या वसंतात स्वीडनमधल्या उप्सालात कोलोनिलॉट मिळाला. कोलोनिलॉट म्हणजे शहराच्या कडेला भाड्याने मिळणारा बागेचा तुकडा. बटाट्यासाठी खणताना गुडघ्याएवढा ग्रॅनाइटचा धोंडा लागला. तो बाजूला सरकवतानाच डोक्यात आलं की यावर रून, म्हणजे इथल्या जुन्या लिपीतली अक्षरं कोरायची. रोज कामाला जाताना विद्यापीठाच्या बागेतले अकराव्या शतकातले रूनदगड बघते, त्याचा हा परिणाम.

मजकूर तयारच होता, कारण या भागातले बहुतेक दगड एकाच साच्यातले: अमक्याने हा दगड तमक्याच्या नावे उभारला, आपल्या वडिलांच्या. मीही तेच लिहिणार: गौरीने हा दगड बाबांच्या नावे उभारला. कराडजवळच्या आमच्या गावी देवळामागे वीरगळ आहेत. त्यांवर घोडा आहे, लढाई आहे, चंद्रसूर्य आहेत, पण अक्षर एकही नाही. इथे उलटं: चित्र असो नसो, नाव हवंच.

आज भिंत फोडायची साधी छिन्नी आणली, 240 क्रोनर (स्वीडनचं चलन). दीड तास ठोकल्यावर सहा सेंटीमीटरची एक उभी रेघ झाली, खोली जेमतेम दोन मिलिमीटर, आणि छिन्नीचं तोंड अळंबीसारखं पसरलं. शेजारच्या तुकड्यावरचे आजोबा कुंपणापाशी येऊन बघत होते. चाळीस वर्षं त्यांनी थडग्यांचे दगड कोरले. (इथे सगळे सगळ्यांना एकेरी नावाने हाक मारतात. मी तोंडाने तसंच करते, मनात मात्र आजोबाच म्हणते.) त्यांनी छिन्नीकडे नाही, माझ्या तोंडाकडे बोट दाखवलं. मास्क नव्हता. ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ असतं आणि त्याची कोरडी धूळ फुप्फुसात बसते ती निघत नाही. आजचं काम तिथेच थांबलं.

20 एप्रिल

ग्रॅनाइट रद्द. आजोबांच्या ओळखीच्या दगडवाल्याकडून ओलंड बेटावरचा लालसर चुनखडीचा स्लॅब घेतला, 100 × 45 × 6 सेंटीमीटर, 1,400 क्रोनर. वजन सत्तर किलोच्या वर, दोघांनी ढकलगाडीवरून आणला. सोबत दगड कोरायच्या, कार्बाइडच्या तोंडाच्या दोन टाक्या, 8 आणि 12 मिलिमीटर, मिळून 780. हातोडा आजोबांचा. धुळीचा चांगला मास्क 350, चष्मा 150. फुटलेल्या फरशीचे तीन तुकडे सरावाला फुकट मिळाले.

संध्याकाळी नेटवरच्या एका 'रून भाषांतर' यंत्रात मजकूर घातला, आलेली अक्षरं कागदावर मोठी करून काढली. छान दिसत होती.

27 एप्रिल

छान दिसणारी अक्षरं चुकीची निघाली. दोन शनिवार पाण्यात.

यंत्राने दिलेली होती जुनी 24 अक्षरांची फुथार्क, म्हणजे रून वर्णमाला. गॉटलंड बेटावरच्या किल्वर दगडावर साधारण इ.स. 400 मध्ये ओळीने कोरलेली आहे ती. माझा मजकूर आणि नक्षी अकराव्या शतकातली. तोवर ती लिपी मागे पडून 16 अक्षरांची नवी फुथार्क आली होती. सहाशे वर्षांचा फरक. शिवाय यंत्राने भाषा बदललीच नव्हती, इंग्रजी स्पेलिंगमधलं एकेक अक्षर उचलून त्या जागी रून ठेवली होती. हे करायला निघालेल्यांनी पहिल्याच दिवशी ठरवावं: कुठलं शतक, कुठला भाग, कुठली अक्षरं. मी दगड आधी आणला.

गंमत अशी की भाषेतले स्वर वाढत होते त्याच काळात अक्षरं 24 वरून 16 वर आली. म्हणजे एका अक्षराने तीन-चार आवाज सांभाळायचे, उरलेलं वाचणाऱ्याने जाणून घ्यायचं. मोडी वाचताना ऱ्हस्व-दीर्घ आपणच लावून घेतो, तसंच काहीसं.

4 मे

आठवडाभर रोज रात्री तासभर बसून मजकूर अक्षरात बसवला.

'ग'ला वेगळं अक्षर नाही, 'क'चीच रून चालवायची. त्यामुळे मी झाले 'कउरी'. 'द'साठी 'त', 'प'साठी 'ब', 'ए'साठी 'इ', 'ओ'साठी 'उ'. 'थ' आहे, पण तो आपला थ नव्हे, जीभ दातांत धरून सोडायचा. आणि मराठी माणूस हमखास चुकतो ती गोष्ट म्हणजे 'अ'. आपल्याकडे तो व्यंजनात मुरलेला असतो, इथे दर वेळी वेगळा कोरावा लागतो. बाबा म्हणजे ब-अ-ब-अ, चार रून. 'ब' आणि 'प' एकच असल्यामुळे कुणी 'पापा' वाचलं तरी तक्रार करता येणार नाही. दोन्हीचा अर्थ तोच, म्हणून हा शब्द तसाच ठेवला. बाबांचं खरं नाव बसवून पाहिलं होतं, ते ओळखू येईना.

ठरलेला मजकूर, त्या काळच्या इथल्या भाषेत, उच्चार जमेल तितका देवनागरीत: कउरी लित रइसा स्तइन थिना अत बाबा फथुर सिन. 'गौरीने हा दगड उभारवला बाबांच्या नावे, आपल्या वडिलांच्या.' एकूण 36 रून, शब्दांमध्ये आठ छोट्या फुल्या. जुने कोरणारे 'थिना अत' मधले दोन 'अ' मिळून एकच कोरत, पण तेवढी हातचलाखी पहिल्या दगडावर नको.

पुण्याचा भाचा विचारतो, "मावशी, तुझ्या नावाच्या रूनचा अर्थ काय?" प्रत्येक रूनला नाव असतं हे खरं. पहिलीचं नाव गुरंढोरं म्हणजेच धन, तिसरीचं राक्षस, पाचवीचं स्वारी. माझं आद्याक्षर 'क', त्याचं नाव कउन, म्हणजे गळू. त्याला तसं कळवलं. नंतर त्याने विचारलं नाही.

18 मे

आज मांडणी. उप्साला भागातल्या दगडांवर मजकूर बहुधा सापाच्या अंगावरून जातो: तोंड खाली डावीकडे, अंग वर चढतं, माथ्यावरून वळतं, उजवीकडून उतरतं. ओपिर नावाच्या कोरक्याचे असे चाळीसहून जास्त सही केलेले दगड आहेत आणि त्याचे साप बघितले की आपला हात किती जड आहे ते समजतं. माझा साप पहिल्यांदा दुधी भोपळ्यासारखा आला. चौथ्या कागदावर साप म्हणता येईल इथवर पोचले.

पूर्ण मीटरभर उंचीवर साप काढून झाल्यावर आजोबांनी विचारलं, "जमिनीत किती जाणार?" मी काहीच सोडलं नव्हतं. तीस सेंटीमीटर तरी हवेत. पाचवा कागद.

आता हिशोब: पट्टा सात सेंटीमीटर रुंद, तोंड आणि शेपूट वगळून मजकुराला 118 सेंटीमीटर लांबी. 36 रून आणि 8 फुल्या मिळून 44 चिन्हं, सरासरी अडीच सेंटीमीटर, म्हणजे 110. बसलं. अक्षरांचे पाय आतल्या कडेला, डोकी बाहेर. मधली जागा मोकळी.

26 मे

रविवारच्या व्हिडिओ कॉलवर कागद दाखवला. आधी आईला शंका आली. "नावाचा दगड म्हणजे गेलेल्या माणसाचा ना गं?"

बाबा चष्मा पुसत म्हणाले, "अगं, मी अजून आहे."

मी इतक्या दिवसांत एकदाही हा विचार केला नव्हता. 'अत' म्हणजे 'च्या स्मरणार्थ'. तो साचा मेलेल्यांचा. आई काहीतरी पुटपुटत आत गेली. बाबा हसत होते, पण "बघ काहीतरी" असंही म्हणाले.

1 जून

तेबीला जाऊन आले, स्टॉकहोमच्या उत्तरेला. येण्याजाण्याचे 210 क्रोनर. तिथे यार्लाबांके नावाच्या अकराव्या शतकातल्या मातब्बर माणसाने दलदलीतून रस्ता बांधला आणि दोन्ही टोकांना दगड उभारले, त्यातले दोन अजून तिथे आहेत. ते त्याने उभारले स्वतःच्याच नावे, जिवंतपणी, आणि तसं स्पष्ट लिहिलं: 'अत सिक कुइकुअन', म्हणजे 'स्वतःच्या, हयात असलेल्या, स्मरणार्थ'. पुढे हेही की सगळी तेबी आपल्या एकट्याच्या मालकीची. सातबारा रस्त्याच्या कडेला, कुणीही वाचावा असा.

म्हणजे अडचण जुनी आहे आणि तोडगाही जुना. 'फथुर सिन'च्या पुढे 'कुइकुअन' जोडायचा. व्याकरणही जुळतं. 'बाबांच्या नावे, आपल्या हयात वडिलांच्या.'

दगडाला हात न लावता फोटो घेतले. खऱ्या रूनदगडांना कायद्याचं संरक्षण आहे. खडू लावणं, कागद ठेवून घासून ठसा घेणं, रंग भरणं, यातलं परवानगीशिवाय काहीही करू नये. फोटो तिरप्या उन्हात काढावा, संध्याकाळी सातनंतर अक्षरं आपोआप उठून दिसतात.

2 जून

बाबांना सांगितलं. म्हणाले, "म्हणजे हयातीचा दाखला." मंजूर.

पण आणखी 7 रून आणि 1 फुली म्हणजे वीस सेंटीमीटर, आणि पट्ट्यात शिल्लक आठ. अक्षरं बारीक करून पाहिली, टाकीच बसेना. मग जुन्या दगडांकडे पुन्हा बघितलं. जागा संपली की कोरणारे सरळ पट्ट्याबाहेर लिहीत, कधी मधे, कधी कडेला. मीही 'कुइकुअन' मधल्या मोकळ्या जागेत घेतला, एकटाच, आडवा. सहावा कागद. आधीच्या पाचांपेक्षा हाच बरा दिसतो.

भाच्याला त्या मोकळ्या जागेत 'वायकिंग होकायंत्र' हवं होतं, आठ काट्यांचं, टॅटूवाल्यांकडे असतं ते. त्या चिन्हाची नोंद 1860 च्या एका आइसलँडी हस्तलिखितात आहे, वायकिंग काळ संपून आठशे वर्षं झाल्यावरची. एकमेकांत अडकलेले तीन त्रिकोण खरंच जुने आहेत, गॉटलंडच्या चित्रदगडांवर दिसतात, पण 'वाल्कनुट' हे त्यांचं नाव आधुनिक. आमच्या भागातल्या दगडांवर मधोमध सर्रास काय असतं, तर क्रूस. तोवर बरेच लोक ख्रिस्ती झाले होते. मला यातलं काहीच नको होतं. आणि एकटी रून चिन्ह म्हणून कुठेही लावायची नाही, हे आजोबांनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. 'त'ची बाणासारखी रून, जुन्या लिपीतली सूर्याची आणि वारशाची रून, या नाझींनी वापरल्या आणि आजही त्यांचे वारसदार वापरतात. शब्दात असली की ती अक्षर असते, एकटी असली की शेजारी वेगळ्या नजरेने बघतात.

21 ते 23 जून

मिडसमर या उन्हाळी सणाची सुट्टी. बाकी सगळे खांबाभोवती नाचायला गेले, मी टाकी घेऊन बसले. दगड आडवा, खाली वाळूची पोती, पाण्याची बाटली हाताशी. चुनखडीत क्वार्ट्झ फारसं नसतं तरी मास्क लावूनच, आणि दगड ओला ठेवून.

पहिले दोन तास फरशीच्या तुकड्यावर. तिथे शिकले ते:

टाकी उभी धरली की दगड चेचला जातो, कोरला जात नाही. साधारण 45 अंशांत कलती धरायची, रेघेच्या एका बाजूने जायचं, मग दुसऱ्या बाजूने, म्हणजे मधे व्ही आकाराची चर पडते. एका घावात खोल जायचं नाही. आधी सगळ्या उभ्या रेघा, फांद्या मागाहून. फांदी खोडापासून बाहेरच्या दिशेने कोरायची, उलट गेलं की सांध्यापाशी टवका उडतो. असे तीन उडवले, सुदैवाने फरशीवर.

रून अक्षरांत आडवी रेघ जवळजवळ नाहीच, सगळ्या उभ्या किंवा तिरप्या. मूळ सवय लाकडावर कोरण्याची, लाकडाच्या रेषांना समांतर रेघ मारली तर ती त्यांतच हरवते. दगडावर ती अडचण नसतानाही अक्षरांचं वळण तेच राहिलं. नॉर्वेतल्या बर्गनला 1955 च्या आगीनंतर खणताना अशा कोरलेल्या शेकडो काड्या सापडल्या. मालावर बांधायच्या नावाच्या चिठ्ठ्या, प्रेमाचे निरोप, आणि एकीवर 'गिदा म्हणते, तू घरी चल'. बहुधा दारूच्या गुत्त्यात पाठवलेली असावी, असं आपलं मला वाटतं.

तीन दिवसांत 14 रून. पहिलीला पन्नास मिनिटं, चौदावीला वीस.

7 जुलै

मोठी चूक. सविस्तर लिहिते, कारण ही कुणाकडूनही होईल.

प्रत्येक रूनचा पुठ्ठ्याचा साचा केला होता, दगडावर ठेवून पेन्सिलीने गिरवायला. 'अ' म्हणजे उभी रेघ आणि तिच्यावरून डावीकडून उजवीकडे चढणारी छोटी तिरपी रेघ. 'न' म्हणजे तेच, पण रेघ उतरणारी. 'ब'चा पुठ्ठा उलटा पडला तर पोटं डावीकडे येतात, लगेच दिसतं. 'अ'चा पुठ्ठा उलटा पडला तर काहीच खटकत नाही, फक्त 'अ'चा 'न' होतो. दगडाच्या उजव्या बाजूला बसून काम करताना तो उलटला. 'बाबा'मधला पहिला 'अ' पूर्ण खोलीचा कोरून झाल्यावर सकाळी चहा पिताना लक्षात आलं: ब-न-ब.

पुठ्ठा गोल फिरवला तर चालतं, अर्धा फेरा दिला तरी तिरप्या रेघेचा कल तोच राहतो. पालथा घातला की संपलं. आता सगळ्या साच्यांचा उजवा वरचा कोपरा कापला आहे. हे पहिल्या दिवशी करायचं होतं, दोन मिनिटांचं काम.

दुरुस्ती? पहिला विचार: चुकीच्या रेघेवरून बरोबर रेघ मारू. फरशीवर करून पाहिलं. उतरती अधिक चढती म्हणजे फुली, आणि उभ्या रेघेवर फुली म्हणजे 'ह'. ब-ह-ब. दुसरा विचार: दगडाची भुकटी आणि चुना कालवून चर बुजवू. आजोबा म्हणाले, पहिल्या थंडीत पाणी शिरून गोठेल आणि बुजवलेलं टवक्यासारखं बाहेर येईल. मग ठरलं असं: बरोबर रेघ कोरायची, चुकीची तशीच ठेवायची, आणि रंग फक्त बरोबर रेघेत भरायचा. कोरलं म्हणजे झालं नाही, रंगवल्यावर वाचायचं. जुन्या दगडांवरही उलटी, गाळलेली, मागाहून घुसवलेली अक्षरं आहेत, तेवढाच धीर.

हा एक 'अ' मला तीन संध्याकाळी पडला.

24 ऑगस्ट

मधे महिनाभर भारतात. दगड ताडपत्रीखाली. आल्यावर हात पुन्हा बसायला अख्खा दिवस गेला. 'सिन' संपवला. 'कुइकुअन' मोकळ्या जागेत असल्याने सर्वांत सोपा गेला, वळण नाही, कडा नाही. सापाच्या दोन्ही बाजूंच्या लांब रेघा मात्र कंटाळवाण्या, चौदा तास गेले, आणि त्याबद्दल लिहिण्यासारखं एकही वाक्य नाही.

14 सप्टेंबर

रंग. आज अनेकांना वाटतं की रूनदगड म्हणजे करडा दगड. ते रंगवलेले असत. ओवरसेलो गावच्या एका दगडावर लिहिलंच आहे की इथे हे दगड उभे राहतील, रून अक्षरांनी लाल केलेले. कोरणं आणि रंगवणं यांना शिलालेखांत क्रियापदंही वेगळी आहेत. ओलंडवर कोपिंगच्या चर्चमध्ये सापडलेल्या तुकड्यांवर मूळ लाल आणि काळा रंग टिकून होता.

जवसाच्या तेलात फालूनच्या खाणीची लाल माती, 220 क्रोनर. पहिल्या तीन रून भरल्या आणि अर्ध्या तासात प्रत्येकीभोवती तेलकट गुलाबी वलय आलं. चुनखडी तेल पिते. खरकागद ओला करून वलयं घासली, तीही पूर्ण गेली नाहीत. फरशीवर आधी करून बघायला कुणी अडवलं नव्हतं. पुन्हा केलं ते असं: तेल निम्मं, माती दुप्पट, लोण्याइतका घट्ट लगदा, बारीक ब्रशने फक्त चरीच्या तळाशी, कडेपर्यंत न आणता. वलय आलं नाही. पहिला शब्द, म्हणजे माझं नाव, मात्र कायमचा थोडा गुलाबी राहणार.

जवसाच्या तेलाच्या चिंध्या बोळा करून टाकू नका. आपोआप पेट घेतात. पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा.

5 ऑक्टोबर

उभा केला. 55 सेंटीमीटर खड्डा, तळाला 25 खडी, मग दगड, भोवती पुन्हा खडी ठोकून. तीन पोती, 180 क्रोनर. माती किंवा सिमेंट नको: माती पाणी धरते, थंडीत फुगते आणि वसंतात दगड तिरपा होतो. ओळंबा लावून पाहिला, अर्धा सेंटीमीटर डावीकडे आहे. आजोबा म्हणाले राहू दे, आणि कॉफी काढली.

9 नोव्हेंबर

हिशोब. वाया गेलेली छिन्नी 240, दगड 1,400, टाक्या 780, मास्क-चष्मा 500, रंग 220, खडी 180, कागद-पुठ्ठा 60, तेबी 210. एकूण 3,590 क्रोनर. वेळ: अक्षरं ठरवणं आणि मांडणी 40 तास, कोरणं 32, रंग 6, उभारणी 5. नवशिक्यांना वाटतं टाकीला वेळ लागेल. टाकी हातात येण्याआधीच निम्मा वेळ संपलेला होता.

काल बाबा बँकेत हयातीचा दाखला द्यायला गेले होते. नोव्हेंबर आहे, सगळे पेन्शनवाले रांगेत. त्यांनी मोबाइलवर दगडाचा फोटो उघडला आणि काउंटरवरच्या मुलाला मधला शब्द बोट लावून वाचून दाखवला, "कुइकुअन. म्हणजे हयात." त्याने नीट झूम करून बघितलं, चांगलं आहे म्हणाला, आणि मशीन पुढे सरकवलं. अंगठा घेतलाच.